सोने देऊन कासे घेणारा ग्लॉकस

तीन हिवाळ्यांपूर्वी न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. त्याची सकाळ, माझी जेवणाची वेळ. "मावशी, तू ॲरिस्टॉटल शिकवतेस ना? मग सांग, दोघांनी राजीखुशीने केलेला सौदा तिसऱ्याने मोडावा का?" मला वाटले, कुणाच्या घराच्या किंवा जमिनीच्या व्यवहाराचे असेल. निघाले ते फँटसी बास्केटबॉल.

या खेळाशी परिचय नसलेल्यांसाठी (आणि त्या रात्रीपर्यंत मीही त्यांच्यातच होते) थोडा खुलासा हवा. दहा-बारा मित्र मिळून एक लीग काढतात. एनबीए या अमेरिकन व्यावसायिक संघटनेतले खरे खेळाडू हंगामाच्या आरंभी पाळीपाळीने आपापल्या कल्पित संघांत निवडून घेतात. एकाने घेतलेला खेळाडू मग दुसऱ्याला मिळत नाही. खऱ्या सामन्यांत ते खेळाडू जे करतात त्याची नोंद साधारणपणे नऊ रकान्यांत होते : गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांच्या यशस्वी फेकी, मैदानी फेकींची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर, म्हणजे हातून घालवलेले चेंडू. त्यावरून दर आठवड्याला एका संघाची दुसऱ्याशी तुलना होते. आपल्याकडे क्रिकेटच्या निमित्ताने पसरलेल्या फँटसी खेळात बहुधा एकाच सामन्यापुरता संघ निवडायचा असतो आणि एकच फलंदाज हजारोंच्या संघांत असू शकतो. तिथे देवाणघेवाणीचा प्रश्न उद्भवत नाही. इथे मात्र हंगाम महिनोन्‌महिने चालतो, आणि दोन संघमालक आपसांत खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. हाच तो ट्रेड. तो जाहीर झाला की काही लीगमध्ये बाकीच्यांची मते घेतात, काही ठिकाणी तो मान्य किंवा अमान्य करण्याचा अधिकार एकट्या कमिशनरला असतो. कमिशनर हाही मित्रांपैकीच एक. या लीगमध्ये तो माझा भाचा होता.

तक्रार अशी होती. बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावरच्या मुलाने आपला सर्वोत्तम खेळाडू दुसऱ्या क्रमांकावरच्या मित्राला देऊन टाकला होता आणि बदल्यात तीन मध्यम प्रतीचे खेळाडू घेतले होते. बाकीचे खवळले होते. 'फसवणूक' हा शब्द उच्चारला गेला होता. बारा वर्षांची मैत्री असलेली माणसे एकमेकांना रात्री दोन वाजता निरोप पाठवत होती.

त्याला मी लगेच उत्तर दिले नाही. मला आठवला तो ग्लॉकस.

'इलियड'च्या सहाव्या सर्गात ट्रोजनांच्या बाजूने लढणारा लिशियाचा ग्लॉकस आणि ग्रीकांचा डायोमिडीस रणांगणात समोरासमोर येतात. लढण्यापूर्वी एकमेकांची कुळे विचारतात, आणि लक्षात येते ते असे की दोघांच्या आजोबांचे आतिथ्याचे नाते होते. डायोमिडीसचा आजोबा ईनियस याने ग्लॉकसच्या आजोबाला, बेलेरोफोनला, वीस दिवस घरी ठेवून घेतले होते. निरोपाच्या वेळी एकाने जांभळा पट्टा दिला, दुसऱ्याने सोन्याचा पेला. (आजोबांच्या पिढीतही सोने एकाच बाजूने गेले होते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.) नातू रथातून उतरतात, हात मिळवतात, न लढण्याचे ठरवतात आणि चिलखते बदलतात. आणि इथे, या इतक्या उदात्त क्षणी, होमर मध्येच तराजू काढतो : ग्लॉकसचे चिलखत सोन्याचे, शंभर बैलांच्या मोलाचे, डायोमिडीसचे काशाचे, नऊ बैलांच्या मोलाचे. झ्यूसनेच ग्लॉकसची बुद्धी हिरावून घेतली असावी, असा त्याचा शेरा.

या शेऱ्याने टीकाकारांना शतकानुशतके अस्वस्थ केले आहे. कवी थट्टा करतो आहे काय? की मैत्रीच्या भेटीला बाजारभाव लावण्यातला ओंगळपणा दाखवतो आहे? वर्गात मी दुसऱ्या अर्थाकडे झुकत असे. भाच्याच्या फोननंतर वाटू लागले की होमर तिथे इतर योद्ध्यांच्या वतीने बोलतो आहे, दुरून हा सौदा पाहणाऱ्यांच्या वतीने.

एम.ए.च्या वर्गात ॲरिस्टॉटल म्हटला की आम्ही 'पोएटिक्स'च्या पलीकडे सहसा जात नाही. पण 'निकोमाखियन एथिक्स'च्या पाचव्या भागात, न्यायाची चर्चा करताना, त्याने नेमके ग्लॉकसचेच उदाहरण घेतले आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : जो स्वतःच्या मालकीची वस्तू स्वेच्छेने देतो त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. देणे आपल्या हाती असते. अन्याय सोसायला मात्र अन्याय करणारा कुणीतरी समोर लागतो. म्हणजे ग्लॉकस मूर्ख ठरेल, पीडित ठरणार नाही.

कायद्याने पुढे या दोन टोकांच्या मधली वाट शोधली. रोमनांनी जमिनीच्या विक्रीपुरता एक नियम केला : उचित किमतीच्या निम्म्याहूनही कमी दाम मिळाला असेल तर विकणाऱ्याला सौदा मोडून मागता यावा. इंग्रजी परंपरेला असे मोजमाप मानवले नाही. आपल्या १८७२च्या करार कायद्यातल्या पंचविसाव्या कलमाला जोडलेली दोन उदाहरणे या संदर्भात मला फार बोलकी वाटतात. एक हजार रुपयांचा घोडा कुणी दहा रुपयांना विकायचे कबूल करतो. त्याची संमती मोकळी असेल तर करार पक्का. मोबदला अपुरा म्हणून तो मोडत नाही. दुसरे उदाहरणही त्याच घोड्याचे आणि त्याच दहा रुपयांचे, पण इथे विकणारा म्हणतो, माझी संमती मोकळी नव्हती. तेव्हा न्यायालयाने तो अपुरा मोबदला लक्षात घ्यावा. अपुरी किंमत हा स्वतः दोष नाही. ती संशयाची खूण आहे.

फँटसी खेळणाऱ्यांमध्ये जो वाद वर्षानुवर्षे चालतो तो असाच दोन पक्षांत वाटला गेला आहे. एक पक्ष म्हणतो, संगनमत सिद्ध झाले तरच ट्रेड रद्द करा, एरवी मूर्खपणा करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. हा ॲरिस्टॉटलचा पक्ष. दुसरा म्हणतो, ट्रेड उघडउघड एकतर्फी असेल तर कारण विचारण्याचीही गरज नाही. हा रोमनांचा. पण दोन्ही पक्ष देणारा आणि घेणारा एवढ्या दोघांच्याच संदर्भात बोलतात, आणि माझ्या मते गफलत होते ती इथेच. ग्लॉकसने चिलखत दिले तेव्हा हानी झाली असेल तर त्याची एकट्याची. लीगमध्ये मात्र एकाने दिलेले सोने दुसऱ्याच्या अंगावर चढते आणि तो उरलेल्या दहांशी लढायला येतो. सौदा दोघांचा, परिणाम बारांवर.

व्यावसायिक खेळांत हा तिसऱ्यांचा प्रश्न अगदी उघडपणे पुढे आला तो १९७६ साली, आणि तोही बास्केटबॉलमध्ये नव्हे, बेसबॉलमध्ये. ओकलंडच्या संघाने १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षे अजिंक्यपद मिळवले होते. त्याचा मालक चार्ली फिन्ली हा चिक्कू, विक्षिप्त आणि भांडखोर म्हणून प्रसिद्ध. १९७५च्या डिसेंबरात एका लवादाच्या निवाड्याने खेळाडूंना करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची मोकळीक मिळाली, आणि आपले तारे हंगामाअखेर फुकटच निघून जाणार हे फिन्लीने ओळखले. १५ जून १९७६ रोजी, अदलाबदलीच्या मुदतीच्या दिवशी, त्याने व्हायडा ब्लू हा गोलंदाज न्यूयॉर्क यांकीजला १५ लाख डॉलरना आणि जो रूडी व रॉली फिंगर्स हे दोघे बोस्टनला प्रत्येकी १० लाखांना विकून टाकले. तीन दिवसांनी बेसबॉलचा कमिशनर बोवी कून याने हे सौदे रद्द केले. ते खेळाच्या हिताचे नाहीत, श्रीमंत संघ आणखी बलवान होतील आणि ओकलंडचा कणा मोडेल, असे त्याचे म्हणणे.

फिन्ली न्यायालयात गेला. त्याच्या बाजूने इतिहास होता : खेळाडू रोख रकमेला विकण्याची प्रथा जुनी, बोस्टनने बेब रूथला यांकीजकडे असेच विकले होते, आणि तेव्हा कुणी आडवे आले नव्हते. तरीही तो हरला, १९७७ साली खालच्या न्यायालयात आणि १९७८ साली अपिलात. कूनचा निर्णय शहाणपणाचा होता की नाही, यात न्यायालय शिरलेच नाही. असा निर्णय घेण्याचा अधिकार त्याला होता काय आणि तो त्याने सद्भावनेने वापरला काय, एवढेच पाहिले गेले. दरम्यान रूडी आणि फिंगर्स हंगाम संपताच निघून गेले होते; फिन्लीच्या हाती त्यांच्यापोटी काही लागले नाही. १९७७ साली ओकलंडचा संघ आपल्या गटात तळाला गेला, त्याच वर्षी नव्याने स्थापन झालेल्या सिएटलच्याही खाली. ज्याला वाचवण्यासाठी सौदा मोडला तो संघ वाचला नाहीच. कूनने तिसऱ्यांचा विचार केला हे मला बरोबर वाटते. ओकलंडचा कळवळा मात्र त्याने सोबत जोडायला नको होता.

यानंतर चार वर्षांनी, १९८० साली, डॅनिएल ओक्रेंट आणि त्याच्या साहित्य-पत्रकारितेतल्या मित्रांनी मॅनहॅटनमधल्या 'ला रोतिसरी फ्राँसेज' या उपाहारगृहाच्या नावाने 'रोतिसरी लीग' सुरू केली. प्रत्येकाला २६० डॉलर, त्यांत लिलावाने खरे बेसबॉलपटू विकत घ्यायचे. आजच्या फँटसी खेळांचा मोठा भाग या उपक्रमाची संतती आहे. मित्रमंडळींनी मालकांची भूमिका घेतली आणि तिच्याबरोबर मालकांची भांडणेही घरात आणली. खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येतात अशा लीगमध्ये एक वेगळीच अडचण उभी राहिली. ऑगस्टपर्यंत ज्याची आशा संपली आहे असा मालक आपले महागडे तारे आघाडीवरच्या एखाद्याला देतो आणि पुढच्या वर्षासाठी स्वस्त, होतकरू पोरे घेतो. दोघांचाही फायदा, दोघांचीही बुद्धी शाबूत. तरी त्या वर्षीची शर्यत मात्र तिसऱ्याच्या हातून निसटते. इथे संगनमताची कसोटीही उपयोगी पडत नाही आणि निम्म्या किमतीचीही नाही. (ओक्रेंटविषयी दोन गोष्टी सांगायचा मोह आवरत नाही. स्वतः काढलेली ही लीग त्याला कधीही जिंकता आली नाही. आणि २००३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने वाचकांच्या वतीने स्वतःच्याच वृत्तपत्राचा न्यायनिवाडा करणारा संपादक प्रथमच नेमला, तो हाच.)

बास्केटबॉलमध्ये मोल ठरवणे आणखी निसरडे आहे. बैलांत मोजावे असे एकच माप इथे नाही. शकील ओनील हा आपल्या काळातला अत्यंत प्रभावी खेळाडू. पण फ्री थ्रोमध्ये त्याचे कारकिर्दीतले यश शंभरात त्रेपन्नाच्याही आत. स्टीव्ह नॅशचे नव्वदीवर. ज्याच्या संघाची सगळी मदार फ्री थ्रोच्या टक्केवारीवर आहे त्याला ओनील घेणे म्हणजे दुधात मीठ; आणि ज्याने तो रकाना पहिल्या दिवशीच सोडून दिला आहे त्याला ओनीलचा हा दोष दिसतही नाही. एक रकाना मुद्दाम सोडून उरलेल्या आठांवर जोर देणे ही या खेळातली मान्य चाल आहे. तेव्हा बाहेरून एकतर्फी दिसणारा ट्रेड दोन्ही घरांत नफ्याचा असू शकतो. उलट, एकास तीन हा हिशेब दिसायला उदार आणि प्रत्यक्षात तोट्याचा असतो. संघातल्या जागा मोजक्या. तीन आले की दोघांना सोडावे लागते, आणि समोरच्याला मोकळ्या झालेल्या दोन जागी कुणाच्याच संघात नसलेले खेळाडू उचलता येतात. भाच्याने हे समजावून सांगितले तेव्हा मला प्रथमच कळले की ते दहा जण का चिडले होते.

काळाची गुंतागुंत आहे ती वेगळीच. १ फेब्रुवारी २००८ रोजी मेम्फिसने पाउ गॅसोल हा स्पॅनिश खेळाडू लॉस एंजलिस लेकर्सला दिला. बदल्यात मिळालेल्यांत ठसठशीत असे नाव नव्हते. सॅन अँटोनिओचा प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच इतका वैतागला की अर्थहीन ट्रेड खोडून काढणारी एखादी समिती असायला हवी, असे तो बोलून गेला. खऱ्या लीगने खोट्या लीगकडून समिती उसनी मागावी, असा तो प्रसंग! लेकर्सने २००९ आणि २०१० अशी दोन अजिंक्यपदे मिळवली. पॉपोविचचा निवाडा बरोबर ठरला. पण मेम्फिसला मिळालेल्या किरकोळ गोष्टींत पाउचा धाकटा भाऊ मार्क याच्यावरचा हक्कही होता. आदल्या वर्षीच्या निवडीत त्याचा क्रमांक अठ्ठेचाळिसावा. २०१३ साली तो एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि मेम्फिसने त्या वर्षी आपल्या विभागाची अंतिम फेरी गाठली. मग पॉपोविच चुकला काय? मला तसे वाटत नाही. मेम्फिसच्या व्यवस्थापनाला धाकट्यात काय दिसले होते, हे विचारणे रास्त आहे. तो पुढे मोठा झाला म्हणून सौदा मुळातच रास्त होता म्हणणे हा पश्चातबुद्धीचा न्याय. साहित्याच्या इतिहासात आपणही तो बराच करतो.

आणि मग २०११. न्यू ऑर्लिन्सचा संघ डिसेंबर २०१०मध्ये खुद्द एनबीएनेच विकत घेतला होता. म्हणजे बाकीचे एकोणतीस मालक मिळून तिसाव्या संघाचेही मालक झाले होते. ८ डिसेंबर २०११ रोजी त्या संघाच्या व्यवस्थापनाने ख्रिस पॉलला लेकर्सकडे धाडणारा तीन संघांचा ट्रेड ठरवला. पाउ गॅसोल ह्यूस्टनला जाणार होता; न्यू ऑर्लिन्सला लमार ओडम, केव्हिन मार्टिन, लुईस स्कोला, गोरान ड्रागिच आणि निवडीचा एक हक्क मिळणार होता. मोबदला वाईट नव्हता. काही मालकांनी नाराजी कळवली. क्लीव्हलँडच्या मालकाचे पत्र तर उघडही झाले. कमिशनर डेव्हिड स्टर्नने ट्रेड नाकारला. कारण दिले गेले ते खेळाच्या दृष्टीचे, एवढेच. हा व्हेटो नव्हता, संघाच्या मालकाचा प्रतिनिधी या नात्याने दिलेला नकार होता, असे तो पुढे सांगत राहिला. शब्दशः ते खरेही आहे. पण एकाच खुर्चीत मालक आणि न्यायाधीश बसलेला असताना कुठला नकार कुणाचा, हे बाहेरच्याने ओळखायचे कसे? सहा दिवसांनी पॉल त्याच शहरातल्या क्लिपर्सकडे गेला.

या नकाराची शेपटी बरीच लांब आहे. त्या हंगामात न्यू ऑर्लिन्सने ६६पैकी २१ सामने जिंकले, तळ गाठला आणि २०१२च्या सोडतीत पहिला हक्क मिळवून अँथनी डेव्हिसला घेतले. तोच डेव्हिस पुढे लेकर्सकडे गेला, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये डॅलसने आपला पंचविशीतला लुका डोन्चिच लेकर्सला दिला तेव्हा बदल्यात मुख्यतः हाच, आता बत्तिशीला टेकलेला, डेव्हिस घेतला. डॅलसचे चाहते रस्त्यावर आले. कुठल्याही फँटसी लीगमध्ये हा ट्रेड तासाभरात मोडला गेला असता, हा विनोद तेव्हा बराच फिरला. एनबीएने हस्तक्षेप केला नाही. त्याच वर्षीच्या सोडतीत शंभरात जेमतेम दोन टक्के शक्यता असताना पहिला हक्क डॅलसला मिळाला. आणि नोव्हेंबरात, ज्याने हा ट्रेड केला त्या व्यवस्थापकाची गच्छंती झाली.

पण मी भाच्याला टांगून ठेवले आहे. स्टर्नची गोष्ट त्यानेच मला त्या रात्री सांगितली, आणि सांगता सांगता तो जरा थांबला. "मावशी, एक राहिलं. मी तिसऱ्या नंबरवर आहे." म्हणजे दुसऱ्याला बळ मिळाले तर पहिला फटका त्यालाच. आणि मत देणारे उरलेले नऊ? त्यांच्यातले निम्मे तरी त्याच पायरीवर. त्यांचे मत ट्रेड रास्त आहे की नाही यावर पडणार नव्हते. तो आपल्याला परवडतो की नाही यावर पडणार होते.

मी त्याला सुचवले ते पंचविसाव्या कलमासारखेच होते. किंमत हा पुरावा धर, गुन्हा धरू नकोस. मत घेऊ नकोस. त्या दोघांना वेगवेगळे गाठ आणि एवढेच विचार, या ट्रेडने तुझ्या स्वतःच्या संघाचे काय भले होणार आहे? पटेल असे नको, त्याचे स्वतःचे उत्तर असले तरी पुरे. लीगमधला प्रत्येक जण स्वतः जिंकण्यासाठी खेळतो आहे, एवढ्या एका गृहीतावर बारा जण एकत्र बसलेले असतात.

आठवड्याने पुन्हा फोन आला. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाचे उत्तर सरळ होते : चांगला खेळाडू मिळत होता, घेतला. शेवटच्या क्रमांकाचा बराच वेळ रकान्यांचे काहीबाही सांगत राहिला, आणि मग म्हणाला की त्या वर्षी त्याची नोकरी गेली होती. भाडे भरता येईना तेव्हा चार महिने या मित्राने त्याला घरी ठेवून घेतले होते. "त्याला द्यायला माझ्याकडे दुसरं काय होतं?"

मी ईनियसच्या घरातल्या त्या वीस दिवसांविषयी भाच्याला सांगितले. तो गप्प ऐकत होता. मग त्याने विचारले, "म्हणजे मोडू की नको?" मी म्हटले, मोड. ज्या सोन्याने दहांचा सामना फिरतो ते एकट्याचे देणे नसते. पण कारण कुणाला सांगू नकोस.

त्याने तसेच केले. ट्रेड रद्द झाल्याची एका ओळीची सूचना निघाली, आणि आपण फसवणूक पकडली अशी दहांपैकी बहुतेकांची समजूत झाली. ती दूर करण्याचा मार्ग भाच्याकडे नव्हता. त्या मुलाने हंगामाअखेरपर्यंत आपला संघ नीट लावला, पुढच्या ऑक्टोबरात मात्र नाव दिले नाही. अकरा संघांचे वेळापत्रक नीट बसत नाही. दर आठवड्याला कुणीतरी एक जण जोडीदाराविना राहतो. "मावशी, तू खेळतेस का?" भाच्याने विचारले. फ्री थ्रो म्हणजे काय एवढे तरी आता मला कळते. मी नाव दिले आहे.